हे पैसे कोण अडवू शकतो? क्रिप्टो, इंटरनेट आणि बदलती सत्ता तपासण्याची एक रीत

क्रिप्टोविषयी सोलापुरात दोन मते हमखास ऐकू येतात. नवी पेठेतल्या तरुण दुकानदाराला वाटते की बँका, सरकारे आणि डॉलर यांचे दिवस भरले आहेत. मार्केट यार्डातल्या आडत्याला वाटते की हा सगळा मोबाइलवरचा मटका आहे. दोघेही ठामपणे बोलतात, पण सत्ता नेमकी कोणाच्या हातून निघाली आणि कोणाच्या हाती गेली, हे तपासायचे दोघांकडूनही राहून जाते. ते तपासण्याची एक रीत येथे देत आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेचा उमेदवार किंवा टॉवेल निर्यात करणारा कारखानदार यांपैकी कोणालाही ती एका बैठकीत करून पाहता येईल. त्यासाठी एक मोठा कोरा कागद, निळे आणि लाल असे दोन पेन आणि निर्यातीचे एक बिल एवढेच साहित्य लागते. बिल हाताशी नसेल तर मनाने धरावे: अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना, दुबईतला घाऊक खरेदीदार, माल टेरी टॉवेल, रक्कम दहा हजार डॉलर.

खरेदीदाराच्या खिशातून निघालेले पैसे कारखानदाराच्या हाती पडेपर्यंत ज्या ज्या ठिकाणी थांबतात, तेथे निळ्या पेनने एकेक चौकोन काढावा. प्रत्येक चौकोनापाशी तीन प्रश्न विचारावेत. येथे वही, म्हणजे कोणाचे किती पैसे याची नोंद, कोण लिहितो? येथे पैसे कोण अडवू शकतो? आणि पैसे अडलेच तर तक्रार कोणाकडे करायची? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लाल पेनने लिहावे, कारण संस्थेची सत्ता एरवी दिसत नाही. ती दिसते नकाराच्या वेळी.

पहिला नकाशा बँकेच्या वाटेचा काढावा

क्रिप्टोकडे थेट वळण्याचा मोह टाळावा. जुनी वाट नीट काढल्याशिवाय नव्या वाटेने काय बदलले ते कळत नाही, आणि बहुतेक चर्चा येथेच फसतात.

दुबईतला खरेदीदार आपल्या बँकेला डॉलर पाठवण्याची सूचना देतो. त्या बँकेचे डॉलर शेवटी अमेरिकेतल्या एखाद्या बँकेच्या खात्यातच असतात, म्हणून पुढचा चौकोन साधारणपणे न्यूयॉर्कमध्ये पडतो. तेथून रक्कम भारतीय बँकेच्या परदेशातल्या खात्यात जमा होते आणि त्या बँकेची मुंबईतली परकीय चलन शाखा सोलापूरच्या शाखेला कळवते. या सगळ्या बँकांमध्ये निरोपांची ने-आण स्विफ्ट करते. १९७३ मध्ये स्थापन झालेली ही सहकारी संस्था बेल्जियममध्ये आहे आणि जगभरातल्या अकरा हजारांहून अधिक वित्तसंस्था तिच्याशी जोडलेल्या आहेत. स्विफ्ट पैसे वाहत नाही, फक्त निरोप वाहते. तरीही निरोप बंद झाला की व्यवहारही ठप्प होतो.

आता लाल पेन घ्यावा. न्यूयॉर्कच्या चौकोनात अमेरिकेचे अर्थखाते लिहावे. माल सोलापूरचा आणि खरेदीदार दुबईचा असूनही अमेरिकी कायद्याचा हात या बिलापर्यंत पोहोचतो, तो केवळ डॉलरच्या वहीमुळे. २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण आणि क्यूबा यांच्याशी डॉलरमध्ये केलेल्या व्यवहारांबद्दल अमेरिकेने सुमारे नऊ अब्ज डॉलरचा दंड केला, यावरून त्या चौकोनाचे वजन लक्षात येईल. स्विफ्टच्या चौकोनात युरोपीय संघ लिहावा: २०१२ मध्ये इराणी बँका आणि मार्च २०२२ मध्ये काही रशियन बँका तेथून बाहेर काढल्या गेल्या. त्याच सुमारास रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची परदेशातली गंगाजळी गोठवली गेली. ज्या देशांनी वर्षानुवर्षे डॉलर आणि युरो साठवले होते, त्या सर्वांना त्या दिवशी आपल्या नकाशावरचे लाल चौकोन नव्याने मोजावे लागले. डॉलरला पर्याय शोधण्याच्या आजच्या बहुतेक हालचालींचे मूळ येथे आहे. क्रिप्टो हा त्यांपैकी केवळ एक धागा आहे.

तक्रारीचा रकाना मात्र या नकाशात बऱ्यापैकी भरतो. बँकेचा व्यवस्थापक, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, न्यायालय, अशी उतरंड असते. तिच्यापासून न्याय मिळण्यास वेळ लागतो हे खरे, पण दार कोणते ठोठावायचे ते ठाऊक असते.

दुसरा नकाशा बिटकॉइनचा

हा नकाशा काढायला सोपा आहे. खरेदीदाराचे वॉलेट म्हणजे नाणी ठेवण्याचे डिजिटल पाकीट, संगणकांचे जाळे, कारखानदाराचे वॉलेट. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधात हीच कल्पना होती आणि ३ जानेवारी २००९ रोजी जाळे सुरू झाले. वही कोणा एकाकडे नाही. तिची प्रत हजारो संगणकांवर आहे आणि साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक नवे पान जोडले जाते. ते पान जोडण्यासाठी मायनर प्रचंड वीज खर्चून स्पर्धा करतात व त्या बदल्यात नवी नाणी मिळवतात. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाहीत असा नियम संगणकाच्या आज्ञावलीतच आहे.

मधल्या चौकोनात लाल पेनने लिहिण्यासारखे जवळजवळ काही सापडत नाही, आणि क्रिप्टोच्या समर्थकांचे म्हणणे येथे मान्य करायला हवे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या सरकारने आपल्या वॉलेटचे पत्ते जाहीर केले आणि बँकांच्या वेळापत्रकाची वाट न पाहता जगभरातून देणग्या तेथे पोहोचल्या. पण हाच गुण चोरालाही तितकाच उपयोगी पडतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारातून, सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर (इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो जाळ्याचे नाणे) चोरीला गेले आणि अमेरिकेच्या एफबीआयने त्यासाठी उत्तर कोरियाला जबाबदार धरले. निर्बंधांमुळे जागतिक बँकिंगमधून हद्दपार झालेल्या देशाला ही वाट उघडी सापडली. यांपैकी एकच उदाहरण सांगणाऱ्याच्या हेतूविषयी वाचकाने सावध राहावे.

पुढे कडेच्या चौकोनांकडे वळावे. वॉलेटमधल्या बिटकॉइनने सुताचे पैसे देता येत नाहीत, विजेचे बिल भरता येत नाही, कामगारांचा पगारही होत नाही. त्यांचे रुपये करावेच लागतात आणि तेथे एक्स्चेंज येते. एक्स्चेंज ही नोंदणीकृत कंपनी असते, तिचे बँक खाते असते आणि तिच्यावर कोणत्या ना कोणत्या देशाचा कायदा चालतो. बायनान्स या एक्स्चेंजने अनेक वर्षे आपले मुख्यालय कोठे आहे हे सांगण्याचेच टाळले; तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४.३ अब्ज डॉलर भरण्याचे मान्य करावे लागले. २०२२ च्या नोव्हेंबरात एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडाले तेव्हा ग्राहकांना कळले की त्यांची नाणी त्यांच्या वॉलेटमध्ये नव्हतीच, एका कंपनीच्या वहीत होती आणि ती वही खोटी होती. मधली वाट मोकळी आणि दोन्ही टोकांची दारे पहारेकऱ्यांच्या ताब्यात, असा हा नकाशा आहे.

मायनरांविषयीही एक नोंद करावी. मायनिंग स्वस्त विजेच्या मागे जाते. चीनने मे २०२१ मध्ये त्यावर बडगा उगारला आणि २४ सप्टेंबर २०२१ रोजी क्रिप्टोचे सर्व व्यवहारच बेकायदा ठरवले, तेव्हा ती यंत्रे अमेरिका आणि कझाकस्तानकडे हलली. सोलापूरजवळ एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे म्हणून येथे मायनिंगचा धंदा चालेल, असे कोणी सुचवल्यास त्याला यंत्रमागवाल्यांकडून विजेच्या दराविषयी दोन शब्द ऐकून घेण्यास सांगावे. एप्रिल-मेच्या उन्हात त्या यंत्रांना थंड ठेवण्याचा खर्च तर वेगळाच.

‘वही कोणालाच बदलता येत नाही’ हे वाक्यही जसेच्या तसे घेऊ नये. जून २०१६ मध्ये इथेरियमवरच्या ‘द डाओ’ या सामुदायिक निधीतून आज्ञावलीतल्या दोषाचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख इथर वळवले गेले. त्यानंतर पुढच्याच महिन्यात बहुसंख्य सहभागींनी नियम बदलून ती चोरी जणू घडलीच नाही अशी वही पुढे चालू ठेवली. ज्यांना हे मान्य नव्हते ते जुनी वही घेऊन वेगळे झाले. ती आजही इथेरियम क्लासिक या नावाने चालते. म्हणजे तेथेही अखेरचा निर्णय माणसांनीच घेतला, फक्त ती माणसे निवडून आलेली नव्हती. तक्रारीच्या रकान्यात मात्र काही लिहिता येत नाही. वॉलेटची खासगी किल्ली, म्हणजे ते उघडणारा गुप्त संकेतांक, हरवली, तर दाद मागायला जागा नाही.

तिसऱ्या नकाशावर सर्वाधिक वेळ द्यावा

दुबईतला खरेदीदार बिलासाठी बिटकॉइन देऊ करील अशी शक्यता कमी आहे, कारण टॉवेलच्या धंद्यातला नफा इतका बारीक असतो की दोन दिवसांत भाव पाच टक्के हलला तर सगळी ऑर्डर तोट्यात जाईल. तो म्हणेल, यूएसडीटी पाठवतो. हा स्टेबलकॉइन आहे: एका नाण्यामागे एक डॉलर ठेवल्याचे वचन एक कंपनी देते आणि नाणे ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनसारख्या अनेक संगणकांवरच्या सामायिक वहीवर, फिरते. यूएसडीटी टेथर कंपनीचा, यूएसडीसी सर्कल कंपनीचा. जगातले जवळजवळ सगळे स्टेबलकॉइन डॉलरला बांधलेले आहेत.

या नकाशात एक नवा चौकोन येतो, नाणे काढणाऱ्या कंपनीचा. आणि तेथे लाल पेन भरभरून वापरावा लागतो. टेथर आणि सर्कल या दोन्ही कंपन्या कोणत्याही पत्त्यावरची आपली नाणी गोठवू शकतात आणि त्यांनी ती वेळोवेळी गोठवलीही आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने टोर्नाडो कॅश या नाण्यांचा माग पुसणाऱ्या सेवेवर निर्बंध घातले, तेव्हा सर्कलने तिच्या पत्त्यांवरचे यूएसडीसी गोठवले, आणि तिची आज्ञावली गिटहब या आज्ञावल्या ठेवण्याच्या अमेरिकी संकेतस्थळावर होती, तेथून ती काढली गेली. पुढे अमेरिकेतल्याच अपील न्यायालयाने सरकारच्या अधिकारावर मर्यादा घातली आणि मार्च २०२५ मध्ये ते निर्बंध उठले. बांधणारा आणि सोडवणारा, दोघेही अमेरिकेतच बसलेले होते.

डॉलर कोठे ठेवले आहेत, हा यापुढचा प्रश्न. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा सर्कलचे ३.३ अब्ज डॉलर तीत अडकले असल्याचे उघड झाले आणि एक डॉलरचे वचन असलेले यूएसडीसी काही काळ ९० सेंटच्याही खाली घसरले. बँकांना पर्याय म्हणून निघालेले नाणे एका बँकेमुळे गडगडले, हे विसरू नये. टेथरकडे आज १०० अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे अमेरिकी सरकारी रोखे आहेत. १८ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत जीनियस कायदा झाला. त्याने स्टेबलकॉइनमागे रोकड, बँकठेवी किंवा अल्पमुदतीचे सरकारी रोखे ठेवणे आणि कायदेशीर आदेश आल्यास नाणी गोठवण्याची तांत्रिक सोय ठेवणे बंधनकारक केले.

या चौकोनांची बेरीज केली तर माझ्या मते निघणारा निष्कर्ष नवी पेठेतल्या त्या तरुणाला आवडणार नाही. नायजेरियातला दुकानदार जेव्हा आपल्या घसरत्या चलनाऐवजी यूएसडीटी बाळगतो, तेव्हा त्याच्या देशाच्या मध्यवर्ती बँकेची पकड सुटते आणि अमेरिकी सरकारच्या रोख्यांना एक नवा ग्राहक मिळतो. या संस्थांच्या उलथापालथीत डॉलर दुबळा झालेला नाही. जेथे अमेरिकी बँकेची शाखा कधीच पोहोचली नसती अशा मोबाइलमध्ये तो पोहोचला आहे. २०२४ च्या सुरुवातीला नायजेरियाने नायराच्या घसरणीचा दोष बायनान्सवर ठेवून तिच्या दोन अधिकाऱ्यांना ताब्यात घेतले, ते याच अस्वस्थतेतून. युरोपीय संघाने स्टेबलकॉइनसाठी जून २०२४ पासून स्वतःचे नियम लागू केले आणि चीनने क्रिप्टोवर बंदी घालून सरकारी डिजिटल युआन पुढे केला. त्यांच्याही मनात हाच हिशेब आहे.

भारताचे दार

आपल्या सरकारने ना बंदी घातली, ना मान्यता दिली. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. त्यानंतर सूत्रे करखात्याकडे गेली. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, त्याच वर्षाच्या जुलैपासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस कापला जातो आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंज मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांतली काही ॲप भारतातल्या ॲपलच्या ॲप स्टोअरवरून नाहीशी झाली.

ही शेवटची घटना कागदावर वेगळ्या जागी मांडावी. तिन्ही नकाशांच्या तळाशी एक आडवी पट्टी आखून तीत इंटरनेटचे थर लिहावेत: मुंबई-चेन्नईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या समुद्री केबल, दूरसंचार कंपनी, ॲप स्टोअर, क्लाउड. ब्लॉकचेन कोणाच्याही मालकीची नसली, तरी तिच्यापर्यंत पोहोचवणारा मोबाइल, त्यातले ॲप आणि त्याखालची तार यांना मालक आहेत. केंद्र सरकारचा एक आदेश किंवा कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीचा निर्णय या पट्टीत पुरेसा ठरतो.

जाता जाता यूपीआयचाही चौकोन काढून पाहावा, कारण सोलापूरच्या चहाच्या टपरीपासून चादरीच्या दुकानापर्यंत पैशाची वाट खरोखर बदलली ती क्रिप्टोने नव्हे, एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने. वही बँकांकडेच राहिली, मधले जाळे एनपीसीआयचे, म्हणजे भारतीय राष्ट्रीय पेमेंट महामंडळाचे, झाले आणि ग्राहकासमोरचा दर्शनी भाग मात्र प्रामुख्याने फोनपे आणि गुगल पे या दोन ॲपकडे गेला. त्यांपैकी पहिल्याची बहुसंख्य मालकी वॉलमार्टकडे आणि दुसरे गुगलचे आहे. एका ॲपकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार असू नयेत हा एनपीसीआयचा नियम आहे, पण त्याची मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलून आता डिसेंबर २०२६ अखेरीपर्यंत नेली आहे. लाल पेन येथे कोठे टेकवायचा, हे वाचकाने स्वतः ठरवावे.

खरेदीदाराला उत्तर काय द्यावे

कारखानदाराने यूएसडीटीला नम्रपणे नकार द्यावा. निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेमार्फतच यावे लागतात. ते तसे आले नाहीत तर शिपिंग बिल रिझर्व्ह बँकेच्या देखरेख प्रणालीत उघडे राहते, ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे बँकेत आल्याचा दाखला, काढता येत नाही आणि निर्यातीवरच्या सवलतींचे पैसे अडकतात. नाणी घेऊन ती अनोळखी माणसाला विकल्यास आणि त्याचे पैसे कोणा फसवणुकीच्या प्रकरणातले निघाल्यास, सायबर पोलिसांच्या पत्रावरून कारखान्याचेच बँक खाते गोठू शकते. मग पगाराच्या दिवशी काय होईल ते सांगायला नको. डॉलरची वाट खरेदीदाराला खरोखरच अडचणीची असेल तर रुपयांत बिल करण्याचा पर्याय बँकेत विचारावा. रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने विशेष व्होस्ट्रो खात्यांमार्फत, म्हणजे परदेशी बँकांनी भारतीय बँकांत उघडलेल्या रुपयांच्या खात्यांमार्फत, अशा व्यवहाराची सोय केली आहे. न्यूयॉर्कचा चौकोन त्या वाटेवर लागत नाही.

हीच रीत दुसऱ्या प्रकारच्या प्रस्तावालाही लावावी. ओळखीतला कोणी लग्नसमारंभात किंवा सिद्धेश्वराच्या यात्रेत गाठून दरमहा ठरावीक परताव्याची क्रिप्टो योजना सांगू लागला, तर त्याला कागदावर चौकोन काढायला सांगावेत. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत महिना १० टक्के परताव्याचे आमिष होते आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली. अशा योजनेत भाषा ब्लॉकचेनची असते, पण पैसे काढण्याचे बटण एकाच माणसाच्या हातात असते आणि तक्रारीच्या चौकोनातही त्याचाच फोन नंबर असतो.

काम झाल्यावर कागदाच्या कोपऱ्यात तारीख टाकावी आणि वर्षभराने लाल नोंदी पुन्हा तपासाव्यात. एल साल्वादोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलन केले, तेव्हा त्याच्या चौकोनात ‘स्वतःचा निर्णय’ असे लिहिता आले असते; डिसेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी १.४ अब्ज डॉलरच्या कर्जाचा करार झाला आणि पुढच्याच महिन्यात दुकानदारांवरची बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती कायद्यातून काढली गेली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया डिसेंबर २०२२ पासून किरकोळ वापरासाठी प्रायोगिक पातळीवर आहे. तो इतर देशांच्या डिजिटल चलनांशी जोडला गेला, तर दुबईच्या बिलाचा चौथा नकाशा काढावा लागेल. त्यासाठी कागदावर जागा सोडून ठेवावी.